मोठ्याचं नाव

९ जानेवारी १९८३, रविवार

ही डायरी विम्याच्या एजंटाने दिली. दरवर्षी उषा तिच्यात धोब्याचे कपडे लिहिते. यंदा मी मागून घेतली. घरात एक प्रकरण सुरू झालं आहे, आणि प्रकरण सुरू झालं की नोंद ठेवायची ही माझी सवय. मी टेकचंद सोमाजी गभणे, जवाहरनगरच्या फॅक्टरीत स्टोअर सेक्शनला क्लार्क. क्वार्टरमध्ये आम्ही पाच माणसं: मी, बायको उषा, दोन मुली आणि आई.

प्रकरण असं की आईला अमेरिकेला जायचं आहे. माझा धाकटा भाऊ धनीराम शिकागोजवळ इंजिनिअर आहे. दिवाळीत त्याला मुलगा झाला. नातवाला पाहायला सहा महिने ये, म्हणून त्याने आईला बोलावलं. तिचा पासपोर्ट काल पोस्टाने आला. आता व्हिसा. त्याचे कागद गोळा करायचे, मुंबईला वकिलातीत न्यायचे, साहेबापुढे आईला उभं करायचं. हे सगळं कोण करणार? बोलावणं धनीरामचं, धावपळ माझी.

आई पासपोर्ट घेऊन सकाळपासून लाइनीतल्या घराघरांत फिरून आली. "माया धनीरामनं बोलावलं. धनीराम म्हणते विमानात जेवाले देते. धनीरामच्या घरी थंडीत बी घाम येते म्हणे." पासपोर्टाचे फॉर्म कोणी भरले, फोटोसाठी तिला भंडाऱ्याला कोणी नेलं, हे तिने एका घरी तरी सांगितलं असेल तर मी नाव बदलून घेईन.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत

उषाकडे हळदीकुंकवाला बायका आल्या होत्या. मी आतल्या खोलीत धनीरामचं पत्र वाचत होतो. त्याने कागदांची यादी पाठवली आहे. त्याच्या पगाराचा दाखला, बँकेचं पत्र, आमंत्रण, हे तो पाठवणार. खाली लिहिलं आहे, "दादा, आई परत येईल याचा पुरावा त्यांना लागतो. शेतीचा सातबारा, रेशन कार्ड आणि ती तुझ्याजवळ राहते असं तुझं पत्र जोड. बाकी तिला इथे आवडलं तर पुढे पाहू."

पुढे पाहू म्हणजे काय? एका ओळीत म्हणतो परत येईल याचा पुरावा दे आणि दुसऱ्या ओळीत म्हणतो पुढे पाहू. अशी नोट आमच्या सेक्शनमध्ये कोणी लिहिली असती तर मी लाल शाईने परत पाठवली असती. आई परत येईल याचा पुरावा मी द्यायचा! मलाच खात्री नाही.

तेवढ्यात बाहेरून शेजारच्या रत्नाबाईंचा आवाज आला. "पण माय, तुमचा मोठा बी लय चांगला हाये. किती धावपळ करून राहिला तुमच्यासाठी."

मी कान टवकारले. खोटं कशाला लिहू?

आई म्हणाली, "कायचा चांगला! त्याले काय येते? खर्डेघाश बाबू, दिवसभर कागदं काळे करते. सकल पाहा ना त्याची, वाळून काडी झाला."

बायका हसल्या. उषाही हसली असेल. मी पत्राची घडी घातली आणि तिळाचा लाडू न खाता बाहेर पडलो.

१६ जानेवारी, रविवार

दोन दिवस डोक्यात तेच आहे. साफच लिहितो. मला धनीरामचा हेवा वाटतो. त्याच्या पगाराचा नाही. मोटारीचा थोडासा. पण खरा हेवा त्याच्या नावाचा. उठता धनीराम, बसता धनीराम. पोळी फुगली तरी "माया धनीरामले अशी आवडे." आणि मी? मी "अरे". मी "ऐक ना". मी "मोठा". फार लाड आले तर "बाबू". आज आठवून पाहिलं, तिने मला नावाने हाक मारल्याचं एकदाही आठवत नाही. उषा तर मला "अहो" म्हणणार, बायकोच ती. ऑफिसात मी गभणेबाबू, धनीरामला दादा, मुलींना बाबा. टेकचंद हे नाव फक्त पगारपत्रकावर राहिलं आहे.

तिच्या म्हातारपणाला मी, तिच्या दम्याच्या गोळ्यांना मी, पाय चेपायला उषा. पण दुरून डोंगर साजरे. जवळच्या डोंगरावर माणूस फक्त धापा टाकतो.

२३ जानेवारी, रविवार

सातबाऱ्यासाठी गावी गेलो होतो. आंबागडच्या किल्ल्याखाली आमची धानाची जमीन आहे, निम्मी आईच्या नावावर. पटवारी घरी नव्हता म्हणून आनंदाबाई आत्याकडे टेकलो. बाबांची मोठी बहीण. दात गेले पण तोंड थांबत नाही.

"तुयी माय चालली म्हणते इमानात? काळजाची घट्ट हाये बाई ते. तुयाआधीचे दोन गेले तवा आमाले वाटलं, हे बी जाते आता. पयला तं नाव ठेवायच्या आधीच गेला. दुसरा चांगला चालाले लागला होता. गणपत. दिवसभर तिची हाक, गणपत ये, गणपत जेव. सारी आळी आयके. गोवरात गेला. मंग तू झाला. तुले सुपात घेऊन ते मातामायच्या झाडाखाली एकटीच गेली. कोणाले संग येऊ देलं नाही. काय बोलली देवीसंग, देवीलेच मालूम."

आत्याचं हे दळण संपेना. मला पटवारी गाठायचा होता. चहा अर्धा टाकून निघालो. सातबारा मिळाला, शिक्का जरा पुसट आहे.

१२ फेब्रुवारी, शनिवार

धनीरामचे कागद येऊन आठवडा झाला. आता सगळं जमलं आहे, फक्त माझं पत्र राहिलं. "माझी आई माझ्याजवळ राहते व परत माझ्याकडेच येईल." एवढंच टाइप करायचं. दोनदा कागद मशिनवर चढवला आणि दोनदा काढला. फाइल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. घरी सांगितलं की शिक्का पुसट असल्याने अडचण आली आहे. अडचण पुसट शिक्क्याची नाही, पण चालून जातं.

आई चिन्नोर तांदूळ निवडत बसली होती. धनीरामसाठी. तो सुवासिक तांदूळ घरी सणाला शिजतो. मी म्हटलं, "विमानात तांदूळ नेऊ देत नाहीत." म्हणाली, "धनीराम पाहून घेईन." घ्या! विमानवालेही आता धनीरामचं ऐकणार.

संध्याकाळी अमावस्या म्हणून तिने माझी दृष्ट काढली. दर अमावस्येला हा कार्यक्रम असतो. मीठ, मिरच्या, मोहरी, झाडूच्या काड्या. पांढरे केस आलेल्या माणसाला स्टुलावर बसवायचं आणि वरून खाली ओवाळायचं. मुली खिदळतात. मी म्हटलं, "कोणाची दृष्ट लागणार मला? खर्डेघाशाला कोण दृष्ट लावतं?" तिने मिरच्या चुलीत टाकल्या. ठसका आला नाही तेव्हा म्हणाली, "पाह्य, केवढी लागली होती." धनीरामची दृष्ट काढल्याचं मला आठवत नाही. त्याला लागतच नसावी.

२ मार्च, बुधवार

उषाने आज डबा देताना विचारलं, "कागदाचं काय झालं?"

"होईल."

"माय रोज पुसते मले. तुमाले पुसाले भेते."

"मला भिते? ती?"

"तुमी रागावले तं जेवत नाही ना. तुमी नाही जेवले का त्या बी जेवत नाही. तुमच्या ध्यानातच येत नाही."

हे मला ठाऊक नव्हतं. तरी वाटलं, ती व्हिसा अडू नये म्हणून जेवत नसेल. दुपारी पत्र टाइप केलं. सही करताना नाव जरा मोठंच लिहिलं. टेकचंद. वकिलातीत तरी कोणी वाचेल.

६ मार्च, रविवार

आज आईची तालीम घेतली. सेक्शनमधल्या ताराचंद बाबूंच्या सासूबाई मागे अशाच गेल्या होत्या. ते म्हणाले, साहेब घरच्या माणसांची नावं विचारतो, आणि आपल्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायला अडतात, तेवढं घोकून घ्या. मी टेबलामागे साहेब होऊन बसलो. उषा दुभाषी. मुली प्रेक्षक.

"नवऱ्याचं नाव काय?"

आईने पदर सावरला. मला वाटलं अडणार. पण ती ठसक्यात म्हणाली, "आंबागडच्या खाली बोडी भरली काठोकाठ, सोमाजीचं नाव घेतो, सायबा सोड माही वाट."

हसून हसून पुरेवाट झाली. मीही हसलो. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, तिच्या तोंडून त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. म्हटलं, उखाणा नको, नुसतं नाव सांग. तेही सांगितलं.

"मुलं किती?"

"दोन."

"नावं?"

"एक धनीराम."

"आणि दुसरा?"

"दुसरा तू नाही का!"

"मी साहेब आहे. मला काय ठाऊक?"

"सायेब हायेस तं कागदावर वाच."

परत सगळ्या हसल्या. मला काही हसू आलं नाही. मी फाइल बंद केली आणि तालीम संपली म्हणून सांगितलं. ज्या नवऱ्याचं नाव घेऊ नये त्याचं घेतलं, ज्या मुलाचं दिवसभर घेते त्याचं घेतलं, आणि माझ्या वेळेला थट्टा. उषा माझ्याकडे बघत होती. काही सांगायचं असावं तसं तिचं तोंड झालं, मग ती भाजी चिरायला निघून गेली.

१६ मार्च, बुधवार. मुंबई

नामंजूर.

आधी जे वाटलं ते आधी लिहितो. आनंद झाला. वकिलातीच्या फाटकाबाहेर झाडाखाली उभा होतो. आई पासपोर्ट हातात धरून बाहेर आली, चेहरा पांढराफटक. तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, तर चला, घरी जाऊ सगळे. धनीरामचा तांदूळ आपणच खाऊ.

मग वकिलातीतली दुभाषी बाई बाहेर आली. चांगली मराठी बाई, पन्नाशीची. मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमचे कागद अगदी नीट आहेत. पण त्या मोठ्या मुलाकडे राहतात असं लिहिलंय, आणि त्यांना त्याचं नावच सांगता आलं नाही. धाकट्याचं सांगितलं, नातवाचं सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं. सुनेचं, नातींचं सांगितलं. मोठ्याचं विचारलं की 'मोठा'. साहेबांनी तीनतीनदा विचारलं. मी समजावलं. शेवटी म्हणाल्या, 'नाही घेत जी.' साहेबांना वाटलं, असा मुलगा नाहीच, कागद बनवलेत. इथे परतायला कोणी नाही असं धरलं त्यांनी."

असा मुलगा नाहीच.

मी त्या बाईला माझं ओळखपत्र दाखवायला लागलो. फॅक्टरीचं, फोटोसकट. ती बिचारी म्हणाली, "मला दाखवून काय उपयोग?"

आई फुटपाथवर बसली होती. रस्ता ओलांडताना ती नेहमी माझी बाही धरते. आज मी बाही सोडवून घेतली.

१८ मार्च, शुक्रवार

गाडीत रात्रभर आणि पुढचा दिवस, तिच्याशी बोललो नाही. वर्धा गेल्यावर राहवलं नाही. म्हटलं, "उषाचं नाव येतं, शेजारच्या रत्नाबाईंच्या म्हशीचं नाव येतं. माझंच येत नाही का तुला?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "नाही घेत मी. पुसू नको."

"धनीरामकडे जायचं होतं ना? त्या एका शब्दासाठी व्हिसा गेला."

"गेला तं गेला."

"तिथे नातू आहे तुझा."

तिने डोळे पुसले. पण नाव घेतलं नाही. एवढी अढी माणसाच्या मनात पोटच्या मुलाबद्दल असू शकते, हे मी आज पाहिलं. माझ्याबद्दल तिचा काय राग आहे, कोणता गुन्हा, तेही सांगत नाही. वरठीच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा तिची पिशवी मी उचलली, पण ओळखीच्या हमालाने उचलावी तशी.

२० मार्च, रविवार

दोन दिवस आई झोपून आहे. मी जेवलो नाही, म्हणून तिनेही काही घेतलं नाही. दुपारी उषाने मुलींना बाहेर पाठवलं, माझ्यासमोर सूप घेऊन बसली आणि तांदूळ पाखडत पाखडत बोलली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"मले सांगू नको म्हणतलं होतं मायनं. पण तुमी असे वागून राहिले, आता मी सांगतो. मंग मले पाप लागलं तं लागलं."

"काय?"

"तुमच्याआधी गणपत होता. त्याले त्या हाका मारत. गोवरात गेला तवा बी हाक मारूनच राहिल्या होत्या, आणि हाक मारता मारताच गेला. मंग त्यायच्या मनात बसलं, का माया तोंडानं ज्याचं नाव निंगते त्याले मरण ओळखते. तुमी झाले तवा त्या मातामायपाशी गेल्या. म्हणाल्या, याचं नाव मी घेणार नाही. हा माया आहे हे कोणाले समजू देणार नाही. तू फक्त याले ठेव."

मी म्हटलं, "आणि धनीराम?"

"धनीरामच्या टायमाले भेव गेलं होतं. तुमी जगले होते ना."

सुपाचा आवाज चालू होता. मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"लगन होऊन आली त्याच वर्षी. माया तोंडून एकदा पटकन तुमचं नाव निंगालं, तवा त्यायनं माया तोंडावर हात ठेवला. मंग सांगतलं."

"मला का नाही सांगितलं?"

"बोललं तं नवस फुटते म्हणे. आन तुमी पुसलं कुठं? तुमी तं फक्त रुसले."

मी आईच्या खोलीत गेलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हटलं, "चल, जेवून घेऊ." ती उठली. दोघे जेवलो. विषय काढला नाही. मी जेवलो म्हणून ती जेवली, की ती जेवावी म्हणून मी, ते आता सांगता येणार नाही.

तरी खर्डेघाश म्हणायची काय गरज होती, वाळून काडी झाला असं चारचौघींत सांगायची, हे मला अजून कळलेलं नाही.

४ एप्रिल, सोमवार

धनीरामचं पत्र आलं. "दादा, राहू दे आता, पुढच्या वर्षी पाहू. आईला त्रास नको." वाचून चीड आली. राहू दे म्हणे! प्रकरण अर्धवट सोडून द्यायला त्याच्या बापाची फॅक्टरी आहे का? नामंजुरीचं कारण जर मी असेन तर ते मीच दुरुस्त करणार. ही माझी फाइल आहे.

पुन्हा अर्ज करायचं ठरवलं. या वेळी सोबत एक प्रतिज्ञापत्र. स्वतः मसुदा केला, भंडाऱ्याच्या कोर्टात शपथेवर सही केली. तिथला अर्जनवीस वाचून म्हणाला, "गभणेबाबू, असं प्रतिज्ञापत्र मी जन्मात लिहिलं नाही." मी म्हटलं, तुम्ही लिहिलंच नाही, मी लिहिलं. नक्कल इथे उतरवून ठेवतो.

"मी, टेकचंद वल्द सोमाजी गभणे, शपथेवर लिहून देतो की श्रीमती शकुनबाई ही माझी सख्खी आई असून माझ्याजवळ राहते. ती माझे नाव उच्चारीत नाही. तिला ते येत नाही असे नाही. माझ्या आधीची दोन मुले वारल्यानंतर तिने तसे व्रत घेतले असून आजपावेतो पाळले आहे. कारण: मी जगावा म्हणून."

शेवटची ओळ टाइप करताना "जगावा" दोनदा पडला. खोडून पुन्हा केला. इंग्रजी तर्जुमा ताराचंद बाबूंनी करून दिला. नंतर चष्मा पुसत बसले.

धनीरामला यातलं काही कळवलं नाही. त्याने विचारलं तरी कळवणार नाही. हे माझं आहे. त्याच्याजवळ बाकी सगळं आहे.

आईला एवढंच सांगितलं, "या वेळी साहेब माझं नाव विचारणार नाही. मी बंदोबस्त केला आहे." तिने माझ्याकडे पाहिलं, मग उषाकडे पाहिलं. उषा पातेलं घासायला लागली. आई म्हणाली, "तू लय बंदोबस्तवाला." आणि आत जाऊन परत चिन्नोर काढला.

२० एप्रिल, बुधवार. मुंबई

मंजूर.

आज मलाही आत बोलावलं, कारण प्रतिज्ञापत्र माझं. खिडकीच्या पलीकडे साहेब, तरुण पोरगाच, नाक उन्हाने लाल झालेलं. बाजूला तीच दुभाषी बाई. मला दोन पावलं मागे उभं केलं आणि बोलू नका म्हणून सांगितलं. आई पुढे.

साहेबाने कागद वाचला. पुन्हा वाचला. वर माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. नाव विचारलं नाही. दुभाषी बाईने विचारलं, "आजी, साहेब म्हणतात, तुमचा धाकटा तिकडे आहे, नातू तिकडे आहे. तो राहा म्हणाला तर? तुम्ही परत कशासाठी याल?"

मला वाटलं, ती शेती सांगेल. शेती सांग म्हणून मी घोकवलं होतं.

आई म्हणाली, "मोठ्याचं नाव घ्याचं हाये जी."

बाईने विचारलं, "म्हणजे? तुम्ही तर घेत नाही ना?"

"आता नाही घेत. मरतानी घेईन. मातामायले तेवढं मांगून घेतलं होतं मी, का जातानी एकडाव घेऊ दे. तवा तं काही बिघडत नाही, मीच चालली ना. लय दिवसाचं तोंडात धरून ठेवलं हाये. तिकडं मेली तं हा कसा आयकन? म्हणून परत यावंच लागते मले."

तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. पदर ठीक केला आणि साहेब काय म्हणतो याची वाट बघत उभी राहिली, रेशनच्या दुकानात उभी राहते तशी.

दुभाषी बाईने इंग्रजीत सांगितलं, हळूहळू, थांबत थांबत. साहेबाने मान खाली घातली. बराच वेळ लिहीत होता. मग शिक्क्याचा आवाज आला.

बाहेर आल्यावर आईने रस्ता ओलांडायला माझी बाही धरली. म्हणाली, "भूक लागली." आम्ही इराण्याकडे बसून पाव खाल्ला. ती बशीतला चहा फुंकत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती म्हणाली, "काय पाहून राहिला?" मी म्हटलं, काही नाही.

११ मे, बुधवार. मुंबई

आई गेली. नागपूरचं एक कुटुंब त्याच विमानाने जात आहे, त्यांच्या हवाली केलं. घरून निघताना वरठीच्या स्टेशनवर उषा आणि मुली रडल्या. आईने सगळ्यांना नावानिशी हाका मारून जवळ घेतलं, नीट राहा म्हणाली. तांदळाचं बोचकं स्वतःच्या हाती ठेवलं. धनीराम, धनीराम चालूच होतं, आणि मी खोटं बोलणार नाही, हेवा अजूनही वाटला. थोडा.

विमानतळावर आतल्या दारापर्यंत सोडतात. शिपायाने तिचे कागद पाहिले, माझे नाहीत म्हणून मला थांबवलं. ती चार पावलं आत गेली आणि वळली. तिचं तोंड उघडलं.

जन्मभर ज्याची वाट पाहिली ते आता निघतं की काय, असं मला वाटलं. मी जोरात म्हटलं, "नको!" शिपाई दचकला. लोक बघायला लागले.

आईला काही समजलं नसावं. किंवा समजलं असेल. ती म्हणाली, "येतो रे बाबू," आणि गेली.

नुसतं बाबू म्हणाली. देवा, नुसतं बाबूच म्हणाली.